जमिनीवर बसून काढलेला हंडा

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, की मागासलेल्या भागात कलेचा प्रसार कसा केला त्यावर मी दिवाळी अंकासाठी लिहावं. आधीच सांगून टाकतो, मी कसलाही प्रसार केला नाही. शहापूर-मुरबाडच्या पोरांना रेघ मारायला शिकवलं. ती त्यांना आली. आणि ती आली आहे हे ज्यांना मान्य करवत नव्हतं त्यांच्याशी भांडलो. या दोन कामांपैकी दुसरं मला जास्त चांगलं जमायचं, असं माझी बायको म्हणते.

मी शहापूरच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. त्या काळी ड्रॉइंग मास्तर म्हणजे शाळेतला फुकटचा माणूस. इतिहासाचे सर आजारी पडले की त्यांचा तास घ्या, गॅदरिंगचा पडदा रंगवा, पाहुणे यायचे असले की फाटकावर 'सुस्वागतम्' लिहा. मुख्याध्यापकांच्या पुतणीच्या रुखवतात मांडायला मोर काढून द्या, असाही एकदा हुकूम आला. मी मोर काढला नाही. पुढचं वर्षभर माझे सगळे तास जेवणाच्या सुट्टीनंतरचे लागले, तेव्हा पोरं पेंगत असतात. चालायचंच.

मी मूळचा मुरबाडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईच्या कला महाविद्यालयात शिकून परत आलो होतो. तिथलं पहिलं वर्ष पायाचं असतं, त्याला फाउंडेशन म्हणायचे. त्या वर्षात रंगाला फारसा हात लावू देत नाहीत, नुसतं रेखाटन. भांडी, झाडं, हातपाय, चालती माणसं, दिवसभर रेघाच रेघा. त्या वर्गात शिरायला चाचणी असायची. मी नोकरीला लागलो ती एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. पुढची कितीतरी वर्षं मी बघत होतो, आमच्या दोन्ही तालुक्यांतून त्या चाचणीत एकही मूल पास होत नव्हतं. तिथल्या ओळखीच्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "ग्रामीण मुलांचा पाया कच्चा असतो." या वाक्याचा मला भयंकर राग यायचा. अजून येतो, आणि आता तर डॉक्टरांनी राग करू नका म्हणून सांगितलं आहे.

तेव्हा मी स्वतःचाच एक वर्ग काढला. शनिवारी दुपारी शहापुरात आणि रविवारी सकाळी मुरबाडला. मॅट्रिक झालेली किंवा होऊ घातलेली, पुढे चित्रकला शिकायची इच्छा असलेली मुलं यायची. मधला रस्ता एस.टी.ने, धूळ खात. मुरबाडला एका मित्राच्या भातगिरणीची पडवी मिळाली. शहापुरात शाळेने वर्गखोली दिली नाही, कारण कोळशाने बाकं काळी होतील. व्हरांडा दिला. त्यामुळे दोन्हीकडे आम्ही जमिनीवर मांडी घालून बसायचो. मुलं तशीही घरी जमिनीवरच बसत होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि ते वाटायला हवं होतं. त्याचं पुढे सांगतो.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. हंड्याचं तोंड गोल असतं हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणूनच ते काढताना सगळे चुकतात. हंड्यावर वाकून आत पाहिलं तर तोंड गोल दिसतं. चार पावलं मागे गेलात की तेच चपटं होतं, त्याला आम्ही लंबगोल म्हणतो. मग हळूहळू खाली बसत चला. लंबगोल आणखी चपटा, आणखी चपटा होत जातो, आणि हंड्याचा काठ बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आला की तोंड नाहीसं होऊन नुसती एक आडवी सरळ रेघ उरते. हंडा तोच असतो, तुमचा डोळा तेवढा खाली आलेला असतो. मी प्रत्येक नव्या मुलाला हंड्यासमोर उभं राहायला आणि बसायला लावायचो. दहा-दहा वेळा. भातगिरणीवर आलेल्या बायकांना ही काहीतरी कवायत वाटायची. "मास्तर, पोरांनी चोरी केली का काय?" असं एकीने विचारलंही होतं.

वर्गाचा नियम एकच होता. दिसतं ते काढायचं, माहीत असतं ते नाही. हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घ्यायची. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करायचा, म्हणजे उभी रेघ कुठे कलते ते कळतं. मुंबईत कोळशाची रेघ खोडायला शिळ्या पावाचा गर वापरायचे. मुरबाडला पाव कुठून आणणार, आम्ही कालची तांदळाची भाकरी आणायचो. वर्ग अर्ध्यावर यायच्या आत खोडायचं साधन पोटात गेलेलं असायचं. त्यामुळे आमची पोरं पहिल्या फटक्यात बरोबर रेघ मारायला शिकली, हे मी थट्टेने म्हणत असलो तरी खोटं नाही.

चित्राच्या कोळशाची सोय केली बुधा मेंगाळने. हा डोळखांबकडच्या ठाकूर आदिवासींच्या एका पाड्यावरचा माणूस. भात कापून झालं की घरदार घेऊन कधी कोळसाभट्टीवर, कधी वीटभट्टीवर जायचा. त्याचा मुलगा काशिनाथ शहापूरच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाला होता, पाड्यावरचा पहिला. एकदा मी बुधाला चिंचेच्या सरळ काड्या एका डब्यात मातीने लिंपून भाजायला सांगितल्या. त्याने त्या इतक्या सुरेख भाजून आणल्या, की मुंबईच्या दुकानातल्या कांड्या मी परत हातात धरल्या नाहीत. माझ्या हातातली कांडी कागदावर फिरताना तो बराच वेळ बघत होता.

"जल्मभर कोळसा पाडला मास्तर," तो म्हणाला, "पन त्यानं असं काय होतं ते कुनी सांगलंच नाय."

काशिनाथ तेव्हा अठरा-एकोणीसचा असेल. बोलायचा कमी. त्याची रेघ मात्र अशी, की मी मागे उभा राहून बघायचो आणि मला माझ्याच रेघेची लाज वाटायची. त्याला त्या पायाच्या वर्गात जागा मिळाली तर वसतिगृह मिळणार होतं आणि पुढची वर्षं तो मुंबईत राहून शिकू शकणार होता. नाही मिळाली, तर दिवाळीनंतर बापाबरोबर भट्टीवर. तिसरा रस्ता नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं त्याविषयी एक अक्षर बोलत नव्हतो.

चाचणीच्या आधीच्या थंडीत मी सगळ्या वर्गाला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत घेऊन गेलो. तिथे बैलांचा मोठा बाजार भरतो. जनावर काढायला शिकायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही, कारण विकायला आणलेला बैल दिवसभर एका जागी उभा असतो. काशिनाथने एक पांढरा, उंच बैल निवडला आणि त्याच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसला. तासाभराने त्याच्याभोवती माणसं जमली. त्यातला एकजण तोच बैल घ्यायला आला होता. रुमालाखाली बोटं धरून त्याचा विकणाऱ्याशी सौदा चालू होता. त्याने कागदाकडे पाहिलं, मग बैलाकडे, मग परत कागदाकडे. रुमालाखालून हात काढून घेतला आणि निघून गेला.

काशिनाथने बैलाचा उजवा मागचा पाय जसा होता तसा काढला होता. गुडघ्याखाली तो किंचित आत वळलेला होता. विकणाऱ्याने बैल मुद्दाम चढावर उभा केला होता, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या ध्यानात येत नव्हतं. कागदावर ते लख्ख दिसत होतं.

विकणारा माझ्यावर धावून आला. "ओ मास्तर, पोराला सांगा, पाय नीट काढ म्हनावं. माझं गिऱ्हाईक पळवलं त्यानं."

"पाय नीटच काढलाय," मी म्हणालो.

"वाकडा काढलाय."

"मग तुमी बैलाचा सरळ करा, तो चित्रातला करील."

बाजार हसला. विकणारा आणखी चिडला, कागद फाडीन म्हणाला. मी मध्ये उभा राहिलो. तेव्हा अंगात रग होती. या पोराने जे पाहिलं ते काढलं आहे, आणि खुद्द बैल येऊन बोलला तरी ती रेघ बदलणार नाही, असं मी भर बाजारात जाहीर केलं. काशिनाथ खाली मान घालून शेपटी पुरी करत होता. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला. हा प्रसंग मी नंतर अनेकांना सांगितला. पुढचा प्रसंग कुणालाच सांगितला नाही, तो आज सांगतो आहे.

जूनमध्ये चाचणी झाली. काशिनाथ एकटा जाऊन देऊन आला. कसं झालं विचारलं तर म्हणाला, "हंडा होता सर. स्टुलावर ठेवलेला. मागं फडकं." हंडा म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. हंडा आमच्या घरचा.

यादी लागली त्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. यादीत त्याचं नाव नव्हतं. मी दोनदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचली, आणि तडक चाचणी घेणाऱ्या प्राध्यापकांच्या खोलीत शिरलो. मला वाटलं होतं तिथे कुणीतरी उर्मट माणूस भेटेल. भेटले ते अगदी सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, गठ्ठ्यातून काशिनाथचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लंबगोलाचं ज्ञान नाही.'

मी हंड्याचं तोंड बघितलं. ती एक सरळ आडवी रेघ होती.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मीसुद्धा चूकच धरली. माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा, आणि हंड्याच्या तोंडाला सरळ रेघ. मी काशिनाथकडे वळलो आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "हे काय रे?"

"मी खाली बसलेलो," तो म्हणाला.

मग उलगडा झाला. तिथे चाचणीला उंच बाकं असतात. मुलं त्यावर बसतात, तिथून हंड्याच्या तोंडाचा व्यवस्थित लंबगोल दिसतो. त्या दिवशी एक बाक कमी पडलं होतं. काशिनाथ शेवटी आत शिरला, त्याने एक मोकळा कोपरा बघितला आणि मांडी घालून बसला. शहरातल्या मुलाने आरडाओरडा करून बाक मागून घेतलं असतं. याला त्यात मागण्यासारखं काही आहे हेच कळलं नाही, कारण दोन वर्षं मी त्याला जमिनीवरच बसवलं होतं. बाकावर बसून परीक्षा असते हे मला माहीत होतं, मी स्वतः तिथे बसलो होतो, आणि एका शब्दाने मी या पोरांना ते सांगितलं नव्हतं. तपासणाऱ्यांनी कागद नंतर खोलीत बसून तपासले. सगळे बाकावर होते असं त्यांनी धरलं. जमिनीवरून पाहिलं तर त्या हंड्याचा काठ बरोबर डोळ्यांसमोर येत होता आणि सरळ रेघच दिसत होती.

मी हे सगळं प्राध्यापकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागदावर चूक आहे. बसण्याचं कारण मी गुणपत्रकात लिहू शकत नाही. पण मुलगा लांबून आला आहे. चूक झाली असं त्याने लिहून द्यावं, मी त्याला उद्या बाकावर बसून पुन्हा काढू देतो. जागा एक शिल्लक आहे."

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांचे आभारच मानले. मग काशिनाथच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लिही रे. एक ओळ तर लिहायची आहे. चुकलं म्हण आणि मोकळा हो."

म्हशाच्या बाजारात बैलवाल्यापुढे छाती काढणारा तो मीच.

काशिनाथने पेन उचललं नाही. "चुकलं नाय तर चुकलं कसं लिवू, सर?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"अरे, जागा जाईल."

"जाईल," तो म्हणाला. मग प्राध्यापकांकडे वळून बोलला, "हंडा तिथंच हाय सर, मी येताना बघितला. तुमी एकदा खाली बसून बघा. वाकडं दिसलं तर मी लिवून देतो."

प्राध्यापक आमच्याबरोबर हॉलमध्ये आले, हे त्यांचं मोठेपण. पण ते उभे राहिले. इस्त्रीची पांढरी पँट, आणि फरशीवर कोळशाची भुकटी सांडलेली. काशिनाथने त्यांना आपला कोपरा दाखवला. ते म्हणाले, "मी इथे बसावं अशी तुझी अपेक्षा आहे?" काशिनाथला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. मी त्या कोपऱ्यात गेलो, मांडी घातली, बाजूला पडलेला एक कागद मांडीवर घेतला, खिशातून बुधाच्या भट्टीतली कांडी काढली आणि हात लांब करून माप घ्यायला लागलो.

"हे काय चाललं आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"चाचणी देतोय," मी म्हणालो. "मी याच महाविद्यालयातून पास झालोय. मलाही नापास करा, म्हणजे हिशेब सारखा होईल."

हंडा काढायला मला पाच-सात मिनिटं लागली असतील. तोंडाशी आलो तेव्हा मी एक सरळ रेघ मारली आणि कागद त्यांच्याकडे धरला. त्यांनी तो घेतला. मग बाजूच्या बाकाला हात टेकून, गुडघे वाजवत ते माझ्याशेजारी खाली बसले. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

"रेघ बरोबर आहे," ते म्हणाले. आणि मग, सवयीने असेल, पुढे म्हणाले, "पण विद्यार्थी चुकीच्या जागी बसला होता. बाक कमी होतं तर मागायचं."

"कमी हाय असं मला वाटलंच नाय," काशिनाथ म्हणाला.

मी त्यांना उठायला हात दिला. खोलीत परत गेल्यावर त्यांनी लाल शेरा खोडला, त्याखाली स्वतःच्या अक्षरात 'रेखाटन अचूक' लिहून सही केली, आणि बाहेर येऊन यादीच्या तळाला शाईने नाव घातलं, काशिनाथ बुधा मेंगाळ. पुन्हा काढायची गरज पडली नाही. काही लिहून द्यावंही लागलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेच्या कमिटीने मला चार उंच बाकं करून दिली. मी ती व्हरांड्यात ठेवली, पोरांना त्यावर बसून काढायला शिकवलं, आणि जमिनीवर बसूनही. दोन्हीकडून काढता येईल तोच पास, असा माझा नियम. मुंबईच्या पोरांना आजही एकाच उंचीवरून हंडा काढता येतो. पाया कुणाचा कच्चा, ते त्यांनी ठरवावं.

त्या संध्याकाळी आसनगाव स्टेशनला उतरून आम्ही शहापूरकडे चालत निघालो. काशिनाथ खुशीत होता, म्हणजे नेहमीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलत होता. माझ्या मनात मात्र खुर्चीमागचा तो क्षण घोळत होता. चुकलं नाही हे माहीत असताना मी त्याला चुकलं म्हणायला सांगितलं होतं. निम्मा रस्ता झाल्यावर मी थांबलो आणि म्हणालो, "काशिनाथ, मी तुला ते लिही म्हणालो ना, ते माझं चुकलं."

मला बरं वाटावं म्हणून काही बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"तवा तुमी उभे होता, सर," तो म्हणाला. "उभ्यानं तसंच दिसतं."